मी उठलो ते कानूनसाठी

आमच्या झांझिबारमध्ये तारबचं गाणं माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं मी गेल्या वर्षीपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. एरवी मी बंदरावरच्या कचेरीत कारकून; पण दर गुरुवारी दुपारी गावातल्या छोट्या रेडिओवर दहा मिनिटं माझी! कुठल्या लग्नात कोणत्या मंडळीने कसं वाजवलं, कोणाचं व्हायोलिन रडलं आणि कोणाचं नुसतंच कुरकुरलं, हे मी एकोणीस वर्षं सांगत आलोय. आमच्या कानून या वाद्याला सत्तरेक तारा असतात. त्यातली एक जरी उतरली तरी माझ्या दाढेत कळ जाते.

शब्दांकडे मात्र माझं लक्ष नसे. शब्द बायकांसाठी असतात, असं मी म्हणायचो. आता म्हणत नाही.

त्या वेळी आमच्या मागच्या खोलीत माझी थोरली मेहुणी सौमू राहत होती. नवऱ्याने तलाक दिला तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि शिवणयंत्र घेऊन ती ‘पंधरा दिवसांसाठी’ आली. त्याला आठ महिने झाले होते. माझी बायको झुवेना आणि सौमू एका ताटात जेवून वाढलेल्या बहिणी. भांडण असं कधी झालं नाही. पण स्वयंपाकघर एक आणि बायका दोन झाल्या की भांडी जरा जोरातच ठेवली जातात. ‘कधी जाणार?’ हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. तो छपरावरच्या पालीसारखा होता. सगळ्यांना ठाऊक होता, पण वर कोणी बघत नव्हतं.

खरं सांगायचं तर सौमूच्या येण्याचा सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. माझा कार्यक्रम घरात मन लावून ऐकणारी ती एकटीच. झुवेना त्या वेळेला मासे साफ करायची. मी घरी आलो की सौमू आल्याची कॉफी पुढे ठेवायची आणि “शेमेजी, आज शेवट घाईत केलात,” असं नेमकं सांगायची. शेमेजी म्हणजे भावजी. झुवेनाला माझ्या कार्यक्रमाबद्दल इतकंच म्हणायचं असायचं की लांबला, मासे गार झाले.

मग झुवेनाच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आलं. शाळेच्या सभागृहात, दुपार कलतानाच्या असरच्या नमाजानंतर, सगळ्या गोतावळ्यासमोर तारब! मी दुसऱ्या रांगेत, कडेची एक खुर्ची सोडून. माझ्या एका बाजूला झुवेना, कडेच्या खुर्चीवर सौमू. गायला बी तातू; ‘बी’ म्हणजे आमच्याकडे बाई. सत्तरीची बाई, कंबर मोडल्यानंतर दीड वर्षाने पहिल्यांदा उभी राहिली होती.

आता आमची रीत सांगायला हवी. तारबमध्ये गाणं आवडलं की बसून टाळ्या वाजवत नाहीत. उठायचं, ठुमकत पुढे जायचं आणि गायिकेच्या हातात नोट ठेवायची. पण कधी उठायचं, यात सगळी मेख! गाण्यात टोमणे असतात. ज्या ओळीला तुम्ही उठलात ती ओळ तुमची झाली, आणि जाताना जिच्याकडे बघितलंत तिला ती लागली. आमच्या मोहल्ल्यात या रीतीपायी दोन साखरपुडे मोडलेत आणि एका अंगणात मध्येच भिंत उभी राहिली आहे.

बी तातूचा आवाज थरथरत होता. कोणी उठेना. बाई एकटीच उभी, हात रिकामे. मला वाईट वाटत होतं. आणि तेवढ्यात कानूनवाल्याने अशी एक जागा घेतली, अशी घेतली, की वरच्या सुरावरून तो एकेक पायरी उतरला आणि शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबला! मी उठलो. वाट सौमूच्या खुर्चीवरूनच जात होती. माझा पाय तिने पांघरलेल्या कापडाच्या, कांग्याच्या टोकात अडकला, तोल गेला आणि मी आधाराला तिच्याच खांद्यावर हात ठेवला. तिच्याकडे बघून, माफी मागावी म्हणून, हसलोही.

सभागृहात एकदम आरोळ्या उठल्या. बायकांनी जिभा लकलकवून असा गजर केला की छताचे पत्रे वाजले. मला वाटलं, अखेर या गावाला कानून कळला! बी तातूने माझा हात धरला आणि तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा घेतली. सात वेळा घेतली. आणि मी, बावन्न वर्षांचा सरकारी कारकून, सातही वेळा तिच्याबरोबर ठुमकलो.

परतलो तेव्हा सौमूची खुर्ची रिकामी होती. झुवेना समोर बघत होती. घरी आल्यावर दाराची कडी लावून मग तिने विचारलं, “ओळ काय होती, ठाऊक आहे?”

मी म्हटलं, “पंचमावरून खाली येणारी.”

“पाहुण्याचे लाड दोन दिवस,” ती म्हणाली, “तिसऱ्या दिवशी हातात कुदळ द्या.”

मी पलंगावर बसलो.

सौमूची समजूत घालायला गेलो. तारांचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, काही नाही शेमेजी, गाणं चांगलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं, माझ्या वहाणासुद्धा पुसून ठेवलेल्या. तिसऱ्या दिवशी तिने आमची सगळी भांडी राखेने घासली. काळी झालेली कॉफीची किटली तर नववधूसारखी चमकायला लागली. आठ महिने दोघींनी मिळून केलेलं काम ती एकटी करत होती, आणि झुवेना हात बांधून दारात उभी असायची. जेवताना सौमू सर्वांत आधी उठायची. ताटात भात तसाच.

गाव तर नुसतं पेटलं होतं. मासळीवाल्याने मला विचारलं की आता मासा दोघांपुरताच द्यायचा ना. पलीकडच्या गल्लीतल्या बी फैझाने सौमूला निरोप धाडला की तिच्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकी लहान आहे, पण माणसं मनाची मोठी आहेत.

हे सगळं निस्तरायचं तर जाहीरपणेच निस्तरायला हवं, असं मी ठरवलं. आणि माझ्याकडे तर रेडिओ होता!

गुरुवारी मी बी तातूचं परीक्षण थोडक्यात आटपलं आणि स्वच्छ, ठाम आवाजात म्हटलं, “श्रोतेहो, मी उठलो ते फक्त कानूनसाठी. पाहुण्याची ती ओळ माझी मेहुणी बी सौमू यांना उद्देशून मुळीच नव्हती. त्या गेले आठ महिने आमच्या मागच्या खोलीत राहत आहेत आणि आजवर त्यांना कोणीही जा म्हटलेलं नाही.”

लग्नाला असतील तीनशे माणसं. रेडिओ सगळं बेट ऐकतं. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही आता कळलं, नावासकट, खोलीसकट, महिन्यांसकट.

मी घरी पोचलो तेव्हा सौमूची पेटी दारात होती. शिवणयंत्राला चादर गुंडाळलेली. रेडिओ तसाच चालू होता, त्यावर लवंगेचे भाव सांगत होते. सकाळच्या बोटीने ती पेंबा बेटावर, वेटे गावात, धाकट्या भावाकडे निघून गेली. झुवेनाने तिला थांबवलं नाही. बोट दिसेनाशी झाल्यावर ती मला म्हणाली, “आठ महिने मी तोंड मिटून ठेवलं होतं. तुम्ही ते रेडिओवर उघडलंत.”

मग ती रडली. मला आजही नीट सांगता येणार नाही की कशासाठी. बहीण गेली म्हणून, की गेल्यावर क्षणभर बरं वाटलं म्हणून.

दोन महिन्यांनी मी एकटाच वेट्याला गेलो. झुवेनाला सांगितलं की कचेरीचं काम आहे. बोट हलत होती आणि मी म्हणायची वाक्यं पाठ करत होतो. सौमू भावाच्या ओसरीवर शाळेचे गणवेश शिवत होती. खूप वाळली होती. तिने कॉफी केली. मी सगळी पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हटली.

“मला तेव्हाच कळलं होतं, शेमेजी,” ती म्हणाली. “तुम्ही शब्द कधी ऐकता? तुमचा हात खांद्यावर पडला तेव्हासुद्धा तुमचे कान कानूनवाल्याकडेच होते.”

“मग गेलात कशाला?”

तिने यंत्राचं चाक थांबवलं. “जिथे आपण नको आहोत त्या घरात राहता येतं. मी राहत होतेच. पण सगळ्या गावाला ते ठाऊक झाल्यावर नाही राहता येत.”

मी म्हटलं, परत चला. तिने विचारलं, झुवेनाने पाठवलं का. मी कॉफीचा रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. तिने यंत्राचं चाक पुन्हा फिरवलं. निघताना तिने केळीच्या सुक्या पानात बांधलेला वेट्याचा हलवा हातात दिला. तिने स्वतः केला होता. निरोप काही दिला नाही.

घरी आलो. हलव्याची पुडी बघितल्यावर कचेरीच्या कामाचं खोटं सांगायची गरज उरली नाही. झुवेनाने गाठ बघितली. त्यांच्या आईची गाठ, दोघी बहिणींखेरीज कोणाला न येणारी. ती पुडी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याउभ्याच खायला लागली. एक तुकडा, दुसरा तुकडा. मी दारात.

“तूप कमी पडलंय,” ती म्हणाली. “वेलचीही जुनी आहे.” आणि डोळे पुसत तिने पान रिकामं होईपर्यंत सगळा हलवा खाल्ला.

मला एक घासही मिळाला नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच मी माझं मत दिलं नाही.