गॅरेजमधला गवई

निवृत्ती औटी गायला उभा राहण्याआधी ट्रकचा हॉर्न वाजवून सूर घ्यायचा. गॅरेजात त्या दिवशी जी गाडी दुरुस्तीला आली असेल तिचा हॉर्न. तो दाबून धरायचा, डोळे मिटून मान हलवायचा आणि म्हणायचा, "आज श्रीगोंद्याची गाडी हाय. खालून गावं लागंल."

मी तेव्हा, एकाहत्तर-बाहत्तर साली, नगरला मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. माझी भाड्याची खोली गॅरेजच्या पाठीमागे, मधे फक्त पत्रा. मी इकडे 'सा' लावला की पलीकडून हॉर्न. पंधरा दिवस सोसलं आणि एका रविवारी पदर खोचून भांडायला गेले.

माणूस तिशीतला, अंगानं किरकोळ. केस खांद्यापर्यंत आणि ग्रीसनं चिकटलेले. गळ्यात चक्क इलेक्ट्रिक गिटार. गोव्याला निघालेल्या हिप्प्यांची गाडी कधीतरी आठ दिवस त्याच्या गॅरेजात अडकली होती. त्यानं ती चालू करून दिली, आणि जाताना ते खूश होऊन गिटार आणि चार तबकड्या ठेवून गेले. मेकॅनिक चांगला होता हो, त्या तबकड्यांनी बिघडवला, असं अख्खी गल्ली सांगायची.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "बाई, बरं झालं आलात. ह्यो हॉर्न कंच्या पट्टीत हाय, तेवढं सांगा."

मी ऐकलं. "काळी चार," म्हटलं. भांडण तिथंच राहिलं. महिन्याभरात माझी पेटी त्याच्या गॅरेजात जाऊन बसली होती.

त्याच्या गाण्याला तो 'डोकं फिरवनारा रॉक' म्हणायचा. आवाज घुमावा म्हणून रिकाम्या ऑइलच्या पिंपात तोंड घालून ओरडायचा. ट्रकच्या हेडलाइटवर जिलेटीनचे लाल-निळे कागद चिकटवायचा. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे गाणी स्वतःचीच:

"आभाळाला फुटलं जांभळं पान,
माझ्या कानात फिरतंय रान!"

"निवृत्ती, याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"गाडीला अर्थ असतो का बाई? ती पळती."

"आणि तुमचा गंधार उतरतोय."

"घाटात समदंच उतरतं."

पण हे जमणार नाही, असं मात्र त्याला म्हणायची सोय नव्हती. "न जमून सांगतंय कुनाला?" एवढंच बोलून तो पुन्हा कामाला लागायचा.

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या आणि निवृत्तीनं गॅरेजसमोर जाहीर कार्यक्रम लावला. पहिल्या ओळीला शेजारच्या दोन शेळ्या दावं तोडून पळाल्या. दुसऱ्या ओळीला फ्यूज उडाला. लोक हसत उठायला लागले.

"बसा!" तो गरजला. "अजून झालं न्हाई!"

त्यानं ट्रकची बॅटरी काढली, वायरी जोडल्या आणि अर्धा तास गायला. घाम गाळत, गुडघ्यावर बसून, पिंपाला मिठी मारून. शेवटी अकरा माणसं उरली होती. त्यातला एक ड्रायव्हर म्हणाला, "निवरत्या, कळलं काय बी न्हाई गड्या, पन अंगावर काटा आला."

त्या दिवशी सामान आवरताना निवृत्ती म्हणाला, "बाई, आता गावाकडं. आईम्होरं."

गाव पारनेर तालुक्यात. आई एकटीच राहायची. "त्यांनी तुमचं गाणं ऐकलंय का?" मी विचारलं.

तो रॉकेलच्या फडक्यानं नखं पुसत राहिला. "न्हाई. बाप भजनात गायचा, लई गोड. तो गेल्यापासनं आमच्या घरात कुनी गायलेलं न्हाई. तिच्याम्होरं चुकायचं न्हाई मला."

आणि ज्यानं माझी एक सूचना कधी मानली नव्हती, तो रोज काम संपवून माझ्यापुढे मांडी घालून बसायला लागला. "बाई, गंधार." पुन्हा. "गंधार." कार्तिकात त्याचा गंधार जागेवर आला.

त्याच आठवड्यात त्याच्या पायात गंजलेला पत्रा घुसला. त्यानं चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. आठव्या दिवशी जबडा उघडेना. धनुर्वात.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत अंधार हवा आणि जराही आवाज नको. भांडं वाजलं तरी त्याचं अंग कमानीसारखं वाकायचं. मी चपला हातात घेऊन आत जायचे. गावाहून आई आली होती. ती चार दिवस कॉटजवळ बसून होती आणि तिला पोराला हाकसुद्धा मारता येत नव्हती. बाहेर ड्रायव्हर लोक पाळीपाळीनं कोपऱ्यावर उभे राहून टांगे, गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवत होते.

पाचव्या दिवशी सकाळी तो गेला.

पंधरवड्यानं मी गिटार घेऊन एस.टी.नं त्याच्या गावी गेले. पाऊस नव्हताच त्या वर्षी. आई नुकतीच दुष्काळी कामावरून खडी फोडून आली होती. तिनं पदरानं हात पुसले, गिटार मांडीवर घेतली आणि एकेका तारेवरून बोट फिरवलं.

"ह्ये वाजवून गायचा व्हय?"

"हो."

"मला म्हनून दाखवा."

मी घसा साफ केला, हळू आवाजात सुरुवात केली. तिनं हात वर केला. "तसं नगं. त्यो जसा म्हनायचा, तसं."

बारा वर्षं गुरूंनी मला कंठ जपायला शिकवलं होतं. मी उठले, अंगणात मधोमध उभी राहिले आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं लावून जांभळ्या पानाचं गाणं ओरडले. कामावरून परतणाऱ्या बायका कुंपणाशी थबकल्या. एक हसली, मग गप्प झाली. मी थांबले नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

आईनं मांडीवरच्या गिटारच्या तारांवर तळहात ठेवला.

"एवढ्या मोठ्यांदा गात हुता," ती म्हणाली, "मग मला हितं कसं न्हाई ऐकू आलं?"