करारावर नाव कुणाचं?

“पोराचं नाव काढा! आत्ताच्या आत्ता काढा!”

कोचरेकर नोंदणी कार्यालयातल्या बाकावर उभे राहून ओरडले. बाकाजवळ नाही, बाकावर. वय अडुसष्ट, पायात रबरी चपला, काखेत कापडी पिशवी. सगळं कार्यालय वळून बघायला लागलं.

खिडकीतल्या मॅडमनी नुकतंच सांगितलं होतं की आमचा मुद्रांक एक टक्का कमी भरलाय, असा दस्त नोंदवता येणार नाही. मला घर विकणारे परब बॅग घेऊन तयार बसले होते. त्यांची गावची गाडी दुपारी चारची, आणि परत येणार ते गणपती आटोपून. त्यांचा मेव्हणा त्याच घरासाठी जास्त पैसे द्यायला टपलेला. कोपरीतली माझी भाड्याची खोली महिनाअखेर रिकामी करायची होती, कारण इमारत पाडायला घेतली होती. आणि ज्याचं नाव काढा म्हणून हे ओरडत होते, तो माझा मुलगा महेश माझ्या शेजारी उभा होता. तोंड तव्यासारखं तापलेलं.

“हा कोण माझं नाव काढणारा?” महेश म्हणाला.

कोण ते सांगते.

दत्ताराम कोचरेकर माझं गिऱ्हाईक. कोपरीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. केंद्र म्हणायचं म्हणून, नाहीतर एक ओटा आणि दोन शेगड्या. नवरा गेल्यावर सुरू केलं. हे गृहस्थ चाळीस वर्षं नोंदणी कार्यालयाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे आणि लोकांचे करारनामे टाइप करायचे. कॉम्प्युटर आला, टाइपरायटर गेला, कोचरेकर गेले नाहीत. आजही सकाळी दहाला ते त्या कार्यालयातल्या बाकावर जाऊन बसतात. पगार नाही, कुणी बोलावलेलं नाही. वकील त्यांची नजर टाळायला चष्मा पुसतात, एजंट शिव्या देतात.

भेटलं की लोक विचारतात, बरं आहे ना? कोचरेकर विचारतात, “करारावर नाव कुणाचं?”

वास्तुशांतीला गेले की प्रसाद नंतर, आधी सूची दोन मागतात. सूची दोन म्हणजे घर तुमच्या नावावर चढल्याचा सरकारी कागद. कोपऱ्यात बसून, चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून वाचतात. बरोबर असला तर जेवतात. नौपाड्यात एकांकडे आरती चालू असताना यांनी हात वर केला. “आरती थांबवा. क्षेत्रफळ चुकलंय.” भटजींनी घंटा तशीच हातात धरून ठेवली. क्षेत्रफळ खरंच चुकलं होतं. तरी त्या घरात त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

आमच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात लोक अक्षता टाकून जेवायला पळाले. हे स्टेजवर चढले आणि नवरीला म्हणाले, “नाव घाईनं बदलू नकोस हं बाळ. आधारवर एक, पॅनवर एक आणि करारावर तिसरंच झालं की आयुष्यभर हेलपाटे.” नवरदेव हसला. त्याला म्हणाले, “तू हसू नकोस. घर घ्याल तेव्हा हिच्या एकटीच्या नावावर घे. एक टक्का वाचेल.”

माणसं मोजायची त्यांची मापंही कागदाचीच. “माणूस चांगला, पण दस्त कच्चा.” स्वतःला मुतखडा झाला तेव्हा मला म्हणाले, “बोजा चढलाय वहिनी.” खडा पडल्यावर म्हणाले, “बोजा उतरला.” आणि फारच संताप आला की तोंडातून एकच शिवी निघते : “बिनमुद्रांकाचा!” मी त्यांना याहून घाण बोलताना ऐकलेलं नाही. मी स्वतः याहून पुष्कळ घाण बोलते.

मी ठाकुर्लीला एक खोली आणि स्वयंपाकघर असलेलं घर बघितलं, ते सगळ्यांत आधी त्यांनाच सांगितलं. दुसरं कोण होतं त्यातलं कळणारं? ते पोळ्या घ्यायला आले होते. पोळ्यांचं पुडकं त्यांनी ओट्यावर परत ठेवलं.

“पहिलं घर?”

“पहिलं आणि शेवटचं.”

“करारावर नाव कुणाचं?”

“ठरलं नाही अजून.”

“ठरलं. तुमचं.”

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. टक्के म्हटलं की मला शाळेतली छडी आठवते. हे त्यांनी ओळखलं असावं. परातीतल्या पोळ्यांकडे बोट करून म्हणाले, “समजा तुमचं घर म्हणजे शंभर पोळ्या. तुम्ही घर घेतलं की सरकार त्यावर आणखी सात मागतं. त्याला मुद्रांक म्हणायचं. करारावर सगळी नावं बायकांची असली, तर सहाच मागतं. ती सातवी पोळी तुमच्या डब्यात राहते.”

“पण सहा तरी कशाला द्यायच्या? पीठ माझं, गॅस माझा.”

“घर तुमचं आहे हे सरकारनं चार माणसांत कबूल करायचं, त्याची ती मजुरी. नोंदणीची फी वेगळी, पण तिला वरून झाकण आहे, ठरलेल्या रकमेच्या पुढे जात नाही.”

“महेश मोबाईलवर वाचून सांगत होता, पहिलं घर घेणाऱ्याला मुद्रांक माफ असतो.”

“तो दुसऱ्या कुठल्या देशातलं वाचत असेल. आपल्याकडे मुद्रांकाला पहिलं-दुसरं घर कळत नाही. सरकारी योजनेतल्या गरिबाच्या घराला नाममात्र असतो, पण तुमचं घर परबांकडून घेतलेलं जुनं. तुम्हाला एकच सूट, बाई असल्याची.”

“बाई असल्याची सूट मला पहिल्यांदाच मिळतेय.” मी म्हटलं.

“आधी तीही अडकवलेली होती. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती. ती आता काढली.”

“पंधरा वर्षं कोण जगतंय?”

“तसं नका बोलू वहिनी. मालकीणबाईंनी तसं बोलू नये.”

मला आयुष्यात कुणी मालकीणबाई म्हटलं नव्हतं. मी त्यांना त्या दिवशी पोळ्यांचे पैसे लावले नाहीत.

मग त्यांनी महिनाभर माझा जीव खाल्ला. वीजबिलावर परबांचं नाव बरोबर आहे का, सोसायटीचा दाखला कुठे आहे, माझ्या आधारवर नवऱ्याच्या नावात वेलांटी कुठली आहे. आम्ही एकाकडे करार छापायला दिला. मुद्रांक बाईच्या हिशेबानं, सहा टक्क्यांनी भरून टाकला. सगळं सुरळीत होतं. ते बिघडवलं मीच.

झालं असं, की नोंदणीच्या आदल्या दिवशी माझी धाकटी जाऊ आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “कमावता मुलगा असून करारावर तुमचं एकटीचं नाव? लोक म्हणतील, मुलाशी पटत नाही. नाहीतर म्हणतील, मुलगा काही कामाचा नाही.” मला ते लागलं. आमच्याकडे घराच्या पाटीवर पुरुषाचंच नाव असतं. सासऱ्यांचं होतं, मग नवऱ्याचं होतं, भाड्याच्या खोलीवर सुद्धा. मी सकाळी लवकर उठून करार छापणाऱ्याकडे गेले आणि सांगितलं, महेशचं नाव घाल, आणि आधी घाल. त्यानं काही न विचारता घातलं. कोचरेकरांना मी बोलले नाही. महेशलाही नाही. म्हटलं, पोराला तिथे बघून बरं वाटेल.

पुरुषाचं नाव आलं की सूट गेली. मग सहाच्या सात व्हायला पाहिजे होत्या. माझ्याकडे सातवी पोळी नव्हतीच. होतं-नव्हतं ते सगळं घरात घातलं होतं, बांगड्या सुद्धा.

तर आता परत त्या बाकाकडे.

“हा कोण माझं नाव काढणारा?” महेश म्हणाला, आणि कोचरेकर बाकावरून खाली उतरले. महेशच्या छातीपाशी आले. ते बुटके आहेत.

“तू सरकारी घरांच्या सोडतीला अर्ज भरतोस ना?”

“भरतो. मग?”

“भाड्यानं राहतोस ना डोंबिवलीला?”

“राहतो. त्याचं काय?”

“हे घर तुझ्या नावावर चढलं की तुझ्याकडे घर आहे असं होणार. मग तू सोडतीतून बाद. तुझ्या आईनं तुला घर दिलं नाही रे, तुझं घर खाल्लं! बिनमुद्रांकाचा व्यवहार सगळा!”

महेश माझ्याकडे वळला. “आई, माझं नाव घाल असं मी कधी म्हणालो?”

“नाही.”

“मग घातलंस कशाला?”

“लोक काय म्हणतील म्हणून.”

“कोण लोक?”

“तुझी काकी.”

रांगेतली माणसं हसली. खिडकीतल्या मॅडमसुद्धा हसल्या, मग घड्याळ बघून म्हणाल्या, “काढायचं असेल तर पानं बदलून अडीचपर्यंत या, आजी. नंतर मी काही करू शकणार नाही.”

महेश म्हणाला, “काढा.” पण तोंड पाडूनच म्हणाला. शंभर माणसांत नाव खोडलं गेलं की कुणाला बरं वाटेल? मला ते बघवेना, म्हणून मी परबांकडे बघितलं. परब उठत होते.

“मला वाटतं आपण गणपतीनंतरच...” ते म्हणाले.

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोचरेकरांनी त्यांची बॅग उचलली, खांद्याला लावली आणि जिना उतरून पळाले. छापणाऱ्याकडे पानं बदलायला गेले, पण जाताना बॅग नेली, म्हणजे परब हलणार नाहीत. परब जिन्याशी उभे राहून ओरडत होते, “अहो, त्यात माझी औषधं आहेत!” खालून आवाज आला, “दस्त झाला की घ्या!”

दोन वाजून गेल्यावर ते परतले. एका पायात चप्पल होती. दुसरी कुठे राहिली ते त्यांना अजून माहीत नाही. नवी पानं मॅडमनी तपासली, मान हलवली, मला यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. यंत्र माझा अंगठा घेईना. एकदा, दोनदा, पाच वेळा. इतकी वर्षं तव्यावरच्या पोळ्या उलटून माझ्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, हात धुवून या. धुतला, तरी नाही. परबांनी परत घड्याळ बघितलं.

कोचरेकरांनी पिशवीतून ओला रुमाल काढला आणि महेशच्या हातात दिला. “तू धर आईचा अंगठा. चोळ. हळू, सालटं निघेल.” माझ्या पोरानं लहानपणानंतर माझा हात पहिल्यांदाच धरला. मिनिटभर चोळत बसला. मग त्यानंच तो यंत्रावर दाबून धरला आणि यंत्र टुक करून वाजलं.

“झालं, मालकीणबाई,” महेश म्हणाला. हा शब्द त्यानं कुठून उचलला ते मला कळलं.

परबांना गाडी मिळाली. त्यांच्या रिक्षाचे पैसे कोचरेकरांनी दिले आणि माझ्याकडून घेतले नाहीत. मी नवी चप्पल घेऊन दिली, ती मात्र घेतली. माझ्या पायाखाली आज जी फरशी आहे ती या माणसामुळे. मी कुणाचे उपकार सहसा मानत नाही, कारण माझ्यावर फारसे कुणी केले नाहीत. यांचे मानते.

घर लावून झाल्यावर वास्तुशांतीचं बोलावणं करायला मी त्यांच्या खोलीवर गेले. कोपरीतच, माझ्या ओट्यापासून दोन गल्ल्या सोडून. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी या म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, एकटा पुरुष, पसारा असेल. दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. हातात मेथीची जुडी, डोळ्यांना जाड भिंगं. कोचरेकर नव्हते.

“मी सुशीला. दत्ताची थोरली बहीण. तुम्ही पोळ्यावाल्या ना? बसा.”

मी बसले. मेथी निवडायला लागले, रिकामं बसवत नाही.

“बहीण आहे हे कधी बोलले नाहीत,” मी म्हटलं.

“लाजतो तो.”

“बहिणीची कसली लाज?”

त्यांनी काड्या बाजूला केल्या. “डोंबिवलीला माझी खोली होती. औषधांच्या कारखान्यात पाकिटं भरून घेतलेली. कराराच्या वेळी मीच म्हटलं, भावाचं नाव टाका, बाईचं कशाला. पुढे ह्यानं टायपिंगचा क्लास काढला. तो बुडाला. मग ह्यानं खोली विकली.”

“तुम्हाला न विचारता?”

“माझी सही लागतच नव्हती. कळलं कधी, तर घेणारा माणूस दारांची मापं घ्यायला आला तेव्हा.”

“मग?”

“मग काय? चार वर्षं बोलले नाही त्याच्याशी. जेवायला वाढायची, बोलायची नाही. त्यानं लग्न केलं नाही. मला दुसरं कुणी नाही. किती दिवस गप्प बसणार?” त्यांनी पुढची जुडी सोडली. “तुमचं काम झालं त्या दिवशी एक चप्पल घालून घरी आला. दारातूनच म्हणाला, ताई, आज एका बाईचं झालं. आणि पाय न धुता माझ्याजवळ येऊन बसला.”

मी उरलेली जुडी निवडून टाकली. मला असल्या वेळी बोलता येत नाही. बोलावणं त्या दोघांना केलं. तुम्ही यायचंच, असं त्यांना दोनदा सांगितलं.

अशा या सुशीला कोचरेकर, वय एक्याऐंशी. करारावर नाव भावाचं, खोली गेली ती यांची.