समाधानी ग्राहकाची भिंत

कासार आंबोलीतल्या आमच्या बंगल्याच्या मागे रिटेनिंग वॉल आणि पुढे पेव्हर ब्लॉकचे अंगण करून घेण्याचे ठरले. उतारावरचा प्लॉट सपाट दिसावा म्हणून मी मागच्या बाजूला मुरमाचा दणदणीत भराव घातला होता. त्या भरावाच्या बरोबर खाली शेजारच्या सारजाबाईंचा म्हशींचा गोठा होता. पावसाळ्यापूर्वी भिंत झाली नाही तर माझा प्लॉट त्यांच्या गोठ्यात मुक्कामाला जाणार, हे समजायला इंजिनिअरची गरज नव्हती.

"सायेब, माती तुमची हाय, तवा तुमच्यातच ऱ्हाऊ द्या," सारजाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "माज्या म्हसरांला ती नगं."

मी त्यांना निश्चिंत राहायला सांगितले. निवृत्त होईपर्यंत मी एका कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण अधिकारी होतो. माझ्या सहीशिवाय तिथून साधा नटबोल्ट बाहेर पडत नसे. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरची निवडही रीतसर प्रक्रियेनेच होणार होती. आधी इंटरनेटवरच्या अभिप्रायांची छाननी, मग जुन्या ग्राहकाच्या घरी प्रत्यक्ष स्थळपाहणी. छाननीत शैलेश नावाचा स्थानिक कॉन्ट्रॅक्टर अव्वल आला. त्याला पाच तारे होते. मुठा गावातल्या बंडोपंत नावाच्या गृहस्थांनी लिहिले होते, 'काम उत्तम. माणूस देवमाणूस. डोळे मिटून द्या.'

स्थळपाहणीला शैलेशने मला स्वतःच्या गाडीतून नेले. मागच्या सीटवर दोन गवंडी होते. बंडोपंत बँकेतून निवृत्त झालेले, अगत्यशील. त्यांचे अंगण खरोखरच देखणे होते. चहा तिथेच आला. गवंडी मात्र चहाला न थांबता घराच्या मागे गेले आणि थोड्या वेळाने तिकडून दगड फोडल्याचा आवाज येऊ लागला.

"मागची भिंत बघू या का?" मी विचारले.

"बघितली असती हो, पण मागच्या दाराची कडी गंजलीये, उघडतच नाही," बंडोपंत म्हणाले. "भिंतही अंगणासारखीच आहे. चकली घ्या ना."

माझ्यासारख्या माणसाने खरे तर घराला वळसा घालून जायला हवे होते. पण चकली खुसखुशीत होती. मी तिथेच होकार दिला, आणि त्याला तांत्रिक मान्यता असे नाव दिले.

अंगण झटपट झाले. भिंत गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली. फोन केला की शैलेश अत्यंत आदराने म्हणे, "निगालोच सायेब!" मी विनंती केली, स्मरणपत्र दिले, अंतिम स्मरणपत्र दिले, अंतिम स्मरणपत्राचेही स्मरणपत्र दिले. तो प्रत्येक वेळी निघालेलाच असे. वळवाचा एक शिडकावा झाला आणि भरावातली दोन घमेली माती गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन पडली.

"म्हसरं बांदू का सोडूनच ठिवू?" सारजाबाईंनी विचारले. "पळायला बरं पडंल त्यांला."

मला रात्ररात्र झोप लागेना. शेवटी बंडोपंतांना जाब विचारायला मी एकटाच मुठ्याला गेलो आणि या वेळी सरळ घरामागे शिरलो. भिंत कमरेइतकीच होती. बंडोपंत तिच्याकडे बघत उभे होते.

"तुम्ही आलात त्या दिवशी दोन थर चढले," ते हळहळत म्हणाले. "नवं गिऱ्हाईक काम बघायला आणतो, तेव्हाच तो गवंडी आणतो."

"म्हणजे तुम्ही मला चक्क फसवलंत!"

"अहो, मी खरं लिहिलं, तर तो माझ्याकडे गिऱ्हाईक आणेल का? आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर गवंडी कसे येणार?"

इतकी निर्दोष व्यवस्था मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तणतणत घरी आलो आणि शैलेशला पाच तारे दिले.

"लाज नाही वाटत?" माझ्या बायकोने, साधनाने विचारले.

"वाटते. पण पाऊस जवळ आलाय."

साधनाने माझ्या हातातला फोन घेऊन अभिप्राय वाचला. "देवमाणूस लिहायचं राहिलंय," ती म्हणाली आणि चकल्यांची भाजणी काढायला गेली.

पुढच्याच आठवड्यात शैलेश बाणेरच्या एका जोडप्याला घेऊन आला. गवंडी मागे गेले. आम्ही अंगणात चहा घेतला. त्या जोडप्यातली वैष्णवी चौकस होती; ती थेट अंगणालगतच्या कुंपणाशी गेली आणि सारजाबाईंनाच विचारू लागली, "मावशी, भिंत कशी झालीये?" मी घाईघाईने चकल्यांची ताटली पुढे केली.

सारजाबाईंनी एकवार गवंड्यांकडे पाहिले, एकवार गोठ्याकडे.

"लई झ्याक!" त्या ओरडल्या. "माज्या म्हशी निवांत निजत्यात बगा. घ्याच तुमी!"

जोडपे गेल्यावर त्यांनी मला खुणेने बोलावले. "सायेब, आता फुडलं गिऱ्हाईक कवा?"

भिंत आता कमरेपर्यंत आली आहे. अजून थोडे थर हवेत आणि ताम्हिणीच्या बाजूला आभाळ भरून येऊ लागले आहे. तुमचाही कुठे उतारावर प्लॉट असेलच. शैलेशला अवश्य बोलवा, काम उत्तम आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. तुम्ही सुजाण आहात, स्वतः येऊन खात्री करा. या रविवारीच या. चहा अंगणातच घेऊ, मागच्या दाराची कडी तेवढी गंजली आहे.