टेबलक्लॉथखालचा नांगर

नांगरावर काहीतरी पांघरावं, एवढंच मी त्या सकाळी ठरवलं होतं. त्यातून तीस मोटारी, पाद्री आणि गावाचा हर्लिंगचा (काठ्या आणि चेंडूचा आमचा खेळ) संघ कसा गोळा झाला, हे माझी वहिनी अजून विचारते, आणि मी भांडी घासायला उठतो.

माझा थोरला भाऊ फिन्टन जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. झोपेतच गेला. (गायींच्या धारेला तो आयुष्यात पहिल्यांदा उशीर करतोय, म्हणून मी दारावर लाथ मारली होती. ती लाथ मला अजून लागते.) दर हिवाळ्यात तो पलीकडच्या गावच्या नांगरणीच्या स्पर्धेत आपला पलटी नांगर घेऊन उतरायचा. या वर्षी मी उतरणार, असं मी चहा पिता पिता जाहीर केलं. विचार वगैरे केला नव्हता. मी आधी बोलतो.

नोरीन वहिनीने कप खाली ठेवला. नांगर विकत न्यायला सोमवारी माणूस येणार होता, तिनेच बोलावलेला. मी कुठलंही यंत्र सुरू करून मग ते बंद कसं करायचं ते शोधतो, हे तिला माहीत होतं.

"एकाला पोचवून आलेय, कोलमन," ती म्हणाली. "दुसऱ्याचं मला झेपणार नाही."

मी मान खाली घातली. मग तिने अट घातली. नांगर स्पर्धेला न्यायचा, परत आणायचा, जागेवर नीट ठेवायचा. संध्याकाळी ती माझी बोटं मोजणार. दहा भरली तर नांगर माझा.

"आणि नऊ भरली तर?"

"तर नांगर जाईल, आणि उरलेली नऊ मी मोडीन."

शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, म्हणून फिन्टनने शेडच्या दारावर सगळे नियम खडूने चित्रांत काढून ठेवले होते. पहिलं चित्र पँटच्या खिशात पडणाऱ्या किल्लीचं: नांगराला हात लावण्याआधी ट्रॅक्टरचं इंजिन बंद, किल्ली आपल्या खिशात. दुसऱ्यात उचललेल्या नांगराखाली एक माणूस झोपलेला, त्यावर दोनदा फुली. (त्या माणसाचे कान हुबेहूब माझे होते.) मग नांगर जोडायच्या पिना, मग न हलणाऱ्या घट्ट साखळ्या, मग नांगर उचलणाऱ्या लिफ्टच्या दांड्याला कुलूप. फाळांवर गोणपाट. मागच्या टोकाला लाल फडकं. आणि शेवटी रस्त्यावर एक गोगलगाय.

मी एकेक चित्रावर बोट ठेवून सगळं केलं. लाकडी ठोकळ्यांवरून नांगर ट्रॅक्टरने उचलला. हिवाळ्यासाठी चोपडलेला ग्रीसचा थर तसाच ठेवला, तो शेतावर पोचून पुसायचा होता. गोणपाट मात्र उंदरांनी आधीच वापरायला घेतलं होतं. वहिनी चहाच्या तंबूत सँडविच करायला पुढे गेलेली, विचारायला कोणी नाही. कपाटात पांढरास्वच्छ टेबलक्लॉथ दिसला, कडेला सुंदर भरतकाम केलेला. तो नांगरावर ओढला आणि दोरीने आवळला. लाल फडकं म्हणून फिन्टनची हर्लिंगची जर्सी टोकाला बांधली. टपावरचा पिवळा दिवा फिरता केला आणि गोगलगायीच्या चालीने निघालो.

पहिल्या वळणावर मागे दोन मोटारी लागल्या. चर्चजवळ सात. आरशात रांग लांबत चालली आणि मी घामाने भिजत चाललो. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे अडकलेला माणूस हॉर्न वाजवतो, निदान हात तरी उडवतो. इथे वीस मिनिटांत एकही हॉर्न नाही. एवढी शांतता मला धोक्याची वाटली. सगळ्यांना पुढे जाऊ द्यावं म्हणून मी कडेला थांबलो. तर सगळेच कडेला थांबले.

पहिल्या मोटारीतून पोस्टातल्या मिसेस किन्सेला उतरल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"माफ करा, फारच हळू चालवतोय," मी म्हणालो.

"हळूच चालव, बाळा. आता घाई कसली?"

हे मला स्पर्धेविषयी वाटलं आणि थोडा रागही आला.

मैदानापाशी सराव सोडून हर्लिंगची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली, काठ्या जमिनीला टेकवून, माना खाली. नेमकी अशीच ती सहा आठवड्यांपूर्वी उभी होती. तेव्हा हीच जर्सी फिन्टनच्या शवपेटीवर होती. आणि त्याला शेवटच्या दर्शनासाठी घरी ठेवलं होतं तेव्हा मेणबत्त्यांखाली हाच टेबलक्लॉथ. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी भावाच्या थडग्याचा दगड घेऊन निघालोय, असं गाव समजत होतं.

चौकात शेजारचा मॅलकी टोपी छातीशी धरून उभा होता. दुसऱ्या हाताने त्याने समोरची वाहनं थांबवून धरली होती. सरळ रस्ता स्पर्धेचा, डावा दफनभूमीचा. सरळ जायला हवं होतं. पण फिन्टनसाठी एवढी माणसं पुन्हा एकदा जमली होती, आणि त्यांना परत पाठवायचं मला धैर्य झालं नाही. मी डावीकडे वळलो.

दफनभूमीच्या दाराशी रस्ता संपतो. मागे तीस मोटारी आणि त्यांच्यामागे हर्लिंगची पोरं. पाद्री फादर लॅव्हेल प्रार्थनेचं पुस्तक घेऊन धावत आले.

"दगड काळा घेतलास की करडा?" चौकातून चालत आलेल्या मॅलकीने हळूच विचारलं, आणि मला तोंड उघडायला वेळ न देता दोरी सोडून कापड उचललं.

फादरनी पुस्तक मिटलं. मॅलकी नांगराभोवती एक पूर्ण चक्कर मारून आला, साखळ्या हलवून पाहिल्या, पिना तपासल्या आणि टोपी डोक्यावर घातली.

"बांधलाय मात्र झकास," तो म्हणाला. "खरं म्हणजे फिन्टनला दगडापेक्षा हाच आवडला असता."

आधी हसल्या मिसेस किन्सेला. मग पोरं हसली, फादर हसले, आणि मीही हसलो, पण माझं हसू मध्येच भलतीकडे गेलं, तेव्हा मॅलकीने माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. तीस मोटारी एकेक करून उलट्या बाहेर काढायला पाऊण तास लागला. तेवढ्यात टेबलक्लॉथची घडी करून मी तो सीटखाली कोंबला. मग सगळी वरात माझ्यामागे स्पर्धेला आली.

मातीत माझ्या नांगराचे तास, म्हणजे चर, असे वाकडे गेले की परीक्षकाने नोंदवही बाजूला ठेवून दोन सँडविच खाल्ली. नववा आलो. उतरले होते नऊ. पण दर वळणाला तीस मोटारींतली माणसं ओरडत होती, आणि तंबूच्या दारात वहिनी पोट धरून हसत होती. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

उजेड असतानाच आम्ही घरी पोचलो. मी नांगर ठोकळ्यांवर उतरवला, किल्ली खिशात टाकली, पाती पुसून नवं ग्रीस चोपडलं. वहिनीने दारावरच्या चित्रांशी सगळं ताडून पाहिलं. मग माझे दोन्ही हात उलटसुलट करून बोटं मोजली. एकदा चुकली, पुन्हा मोजली.

"दहा," ती म्हणाली. "नांगर तुझा."

मग तिने सीटखाली पाहिलं.

त्या टेबलक्लॉथवरचं भरतकाम तिच्या आजीच्या हातचं होतं, आणि त्यावर आता पलटी नांगराचं पूर्ण, अगदी फाळासकट, काळं चित्र उमटलेलं होतं. रात्री अकरापर्यंत मी तो टबात घासत होतो. दहाही बोटं शाबूत होती, हे वहिनी मला दर दहा मिनिटांनी येऊन सांगत होती.