पेपरमिंटचा एकच थेंब

"आजपासून आपल्या वॉर्डात कुणाला मळमळणार नाही!" सिस्टर अपेक्षाने छातीठोकपणे जाहीर केलं.

परळच्या एका इस्पितळात ती पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड सांभाळायची. नुकतीच ती सुगंधोपचाराची कार्यशाळा करून आली होती, आणि तेव्हापासून तिचं नाक जमिनीला समांतर राहत नव्हतं!

"आधी एका पेशंटवर करून दाखव," मेट्रन राधाबाई म्हणाल्या. "जमलं तर बाकीच्यांना. नाहीतर तुझ्या बाटल्या घेऊन जा घरी!"

अपेक्षाने रमाकांत परबांची निवड केली. लालबागच्या परबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झक्क झालं होतं, पण पोटात घोटभर पेज ठरत नव्हती. नुसतं 'चहा' म्हटलं तरी ते ओकायला भांडं मागायचे! बायको कमलाबाई उशाशी बसून त्यांची पाठ चोळत होती.

"काय तरी कर गो बाय," ती काकुळतीने म्हणाली. "पोटात काय टिकल्याशिवाय डॉक्टर घरी सोडायचे नाहीत."

"मावशी, पेपरमिंटचा एकच थेंब! बघाच तुम्ही!"

अपेक्षाने कापसावर बाटली उपडी केली. थेंब येईना. तिने बाटली हलवली. मग जोरात आपटली. तोंडावरचं भोकाचं बूच उडालं आणि अख्खी बाटली चादरीवर, जमिनीवर आणि परबांच्या दोन्ही हातांवर रिकामी झाली!

बघता बघता वॉर्डाचा गोळ्या-बिस्किटांचा कारखाना झाला. शेजारच्या खाटेवरच्या दौलतकाकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढ्यात त्यांचा भाऊ भेटायला आला.

"दादा! रडतोयस का? डॉक्टर काय म्हणाले?"

"बोलवत नाही रे!" दौलतकाका नाक दाबून म्हणाले.

झालं! भावाने तिथेच हंबरडा फोडला. बाहेरच्या नातेवाइकांनी दारात गर्दी केली. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही हो, तेल गळलंय!" अपेक्षा ओरडली.

'तेल गळलंय'चं कॉरिडॉरच्या टोकाला पोचेपर्यंत 'गॅस गळलाय' झालं! मग काय विचारता! फिजिओथेरपिस्टने आठवडाभर विनवण्या करूनही ज्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, ते पेशंट सलाइनचा स्टँड भाल्यासारखा धरून जिन्यापर्यंत पोचले. वॉचमन आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला. "किधर है गॅस? किधर है?"

या लढाईच्या मधोमध परब पांढरेफटक पडले होते. "सिस्टर... वास... भांडं!"

"बिचाऱ्याचं दुखणं कमी करायला गेले आणि वाढवून ठेवलं!" अपेक्षा पुटपुटली. तिने इंजेक्शनच्या ट्रेमधले स्पिरिटचे बोळे उचलले आणि परबांची बोटं खसाखसा पुसायला घेतली. एक बोळा परबांनी घट्ट धरला, नाकाशी नेला आणि एक दीर्घ श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

चेहऱ्यावर रंग आला. मळमळ थांबली!

"चहा आहे का हो?" परबांनी विचारलं.

त्यांनी कपभर चहा घेतला, वर दोन टोस्ट खाल्ले, आणि सगळं पोटात टिकलं! खिडक्या उघडून, पेशंट गोळा करून, दौलतकाकांच्या भावाची समजूत घालून राधाबाई खाटेशी आल्या, तेव्हा परब ढेकर देत होते.

"स्पिरिटच्या वासाने मळमळ थांबते खरी," राधाबाई हसू दाबत म्हणाल्या. "अपेक्षा, तुझा सुगंधोपचार पास! फक्त बाटल्या घरी ने."

अपेक्षाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कमलाबाईने वाकून तो बोळा हुंगला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाय माझ्या! ह्याच वासापासून सोडवायला देव पाण्यात घातलेले मी! देवीपुढे शपथ घातली, तेव्हा कुठे सुटली ह्यांची दारू!"

परबांनी डोळे मिटूनच बोळा पुन्हा नाकाशी नेला.

"गप गं, औषध आहे ते! सिस्टर, डिस्चार्जच्या कागदावर नीट लिहून द्या हां. दिवसातून तीनदा!"