आधी वारा, मग वरण

सखोजीराव दूध तापवतानाही पातेलं तारेने शेगडीला बांधतात. कुंभकोणमची जमीन हलत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. "अजून हलली नाहीं," ते म्हणाले आणि तारेला आणखी एक पीळ दिला.

बँकेच्या बदलीने मी इथे आलो, तेव्हा शेजारी मराठी माणूस मिळाला. मराठी तंजावरची, जुन्या वळणाची. उभं आयुष्य त्यांनी नागपट्टणमच्या, जहाजं ओढणाऱ्या एका छोट्या टगबोटीवर स्वयंपाक केला. तिथलं स्वयंपाकघर एवढंसं, की शेगडीकडे तोंड केलं की पाठ तांदळाच्या डब्याला टेके.

ती शिस्त घरी आली. पातेलं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. पालेभाजी आधी संपवायची, मग वांगी, सुरण अगदी शेवटी. भाजीवाली रोज दारात येते, हा मुद्दा त्यांना मान्य नाही. "उद्यां नाहीं आली तर?" सकाळी गच्चीवर जाऊन वारा बघतात. "आधीं वारा, मग वरण." वारा जोराचा असला की पातळ काही शिजत नाही, लिंबूभात होतो. तो असा होतो, की आम्ही शेजारी वादळाची वाट बघतो.

गेल्या वर्षी आई साताऱ्याहून माझ्याकडे आली आणि तापाने पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. डॉक्टर सलाईनची भाषा करू लागले. माझी आर्जवं तिने भिंतीकडे तोंड करून ऐकली.

सखोजीरावांच्या कानावर गेलं. "बोट लागलेल्या खलाशासही अन्न नको असतें," म्हणत ते आले. आधी तिला सुंठेचा तुकडा चोखायला दिला. मग वाटीच्या तळाशी थोडा मऊ भात, वर रसम. 'खा' म्हणाले नाहीत. वाटी उशाशी ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने चमचा वाजला.

"आंबट झालंय जरा," आई म्हणाली.

मी ओशाळलो. सखोजीराव वळले.

"खलाशी कधीं कांहीं बोलत नसत," ते हळूच म्हणाले. "घरीं आमची ही सांगत असे. ती गेल्यापासून मज कोणी चूक सांगितली नाहीं."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आणखी एक चमचा तोंडात घातला.

"बसा सखोजीराव. मीठही कमी आहे."

ते स्टूल ओढून बसले. "आणि?" त्यांनी विचारलं.