खारीचा पाहुणचार

चार वर्षं पर्थमध्ये काढूनही घरची आठवण म्हणून येत नाही, असा एकच मराठी माणूस त्या शहरात होता. तो म्हणजे माधव काळसेकर. हे दुसऱ्या कुणी शोधून काढलेलं नव्हतं. तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

माधव पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनियर होता. उन्हाळ्यात तिथल्या साहेबांसारखा हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून कामावर जायचा. दुपारला आर्वो म्हणायचा. मिरजेच्या माणसाने इतकं केलं म्हणजे पुष्कळ झालं, पण त्याचा खरा अभिमान वेगळाच होता. आपण आग्रह करणं सोडलं, हे तो छाती फुगवून सांगायचा. "तिकडे पाहुणा 'नको' म्हणाला की त्याच्या पानात आणखी दोन पोळ्या पडतात. इथे नको म्हणजे नको. किती सुटसुटीत कारभार!"

त्याची बायको वीणा मात्र सरळ होती. तिला नाशिकची आठवण यायची आणि आली की ती रडायची. पर्थच्या कोमो या उपनगरातलं त्यांचं घर छान होतं, नदी जवळ होती, पण दिवसभर घरात चिटपाखरू नसायचं. रस्त्यावर माणूस दिसला तर तो पोस्टमन. ऑगस्टच्या थंडीत एकदा तिने भाजी चिरता चिरता शांतपणे सांगून टाकलं, "मी मार्चपर्यंत बघते, माधव. नाही जमलं तर मी नाशिकला जाते. तुला यायचं तर ये, नाहीतर राहा तुझ्या मोज्यांसकट."

माधव हसून "नो वरीज" म्हणाला. पण आतून तो चांगलाच घाबरला, कारण वीणा धमकी देणाऱ्यांतली नव्हती. ती ठरवणाऱ्यांतली होती. तिच्याशिवाय ते घर कसं असेल याचा विचार त्याने एकदाच केला आणि मग पुन्हा केला नाही.

त्याने उपाय सुरू केले. नवी गाडी घेतली, समुद्रावर नेलं, मोठा रंगीत टीव्ही आणला. वीणाने तिन्हींचं कौतुक केलं आणि डोळे पुसले.

डिसेंबरात ऊन कडकडीत तापलं. हे ऊन वाया कसं घालवायचं, म्हणून वीणाने साबुदाण्याच्या पापड्या केल्या आणि गॅरेजच्या पत्र्यावर जुनी चादर पसरून वाळत घातल्या. दुपारी तिने माधवला हळूच हाक मारली. शनिवार होता, तो घरीच होता. ती शिडीवर अर्धी चढून पुतळ्यासारखी उभी होती.

"आवाज करू नको. वर बघ."

चादरीच्या कोपऱ्यावर एक खार बसली होती. दोन पायांवर बसून, दोन हातांत पापडी धरून कुरतडत होती. पाठीवर तीन स्वच्छ पट्टे.

"ऑस्ट्रेलियात खार नसते," माधवने समजावून सांगितलं. खारीने ते ऐकून घेतलं, दुसरी पापडी उचलली आणि पामच्या झाडावर निघून गेली.

"अरे, पाठीवर रामाची बोटं आहेत तिच्या," वीणा म्हणाली. "आपली आहे ती." आणि ती तिथेच शिडीवर रडायला लागली, पण हे रडणं निराळं होतं. त्यात हसू होतं.

सोमवारी माधवने ऑफिसात सहज विचारल्यासारखं करून चौकशी केली. कुणीतरी सांगितलं, की फार पूर्वी झूमधून काही इंडियन खारी निसटल्या होत्या आणि त्यांची पिल्लावळ झूच्या आसपास अजून दिसते. तिथे लोक त्यांना ब्रेड घालतात. पण दुसरीकडे कुठे दिसली तर ताबडतोब सरकारी खात्याला कळवायचं. ते पिंजरा घेऊन येतात. एकदा का ती बागांमध्ये पसरली, की फळ म्हणून हाताला लागायचं नाही. गोड दिसते, पण चोर जात आहे, असं तो माणूस म्हणाला. माधवने मान हलवली आणि संध्याकाळी घरी येताना दोन किलो शेंगदाणे आणले.

खारीचं नाव चिंगी पडलं. वीणाने तिच्यासाठी शेंगदाणे घालून कॉर्नफ्लेक्सचा चिवडा केला, कारण पोहे मिळणं कठीण होतं. तो पत्र्याच्या जुन्या बिस्किटांच्या डब्यात असायचा. झाकण इतकं घट्ट, की चमच्याने उचकटावं लागे आणि ते टण्णदिशी उघडे. तो आवाज झाला की चिंगी जिथे असेल तिथून धावत यायची, आधी खिडकीपर्यंत, मग ओट्यापर्यंत. वीणा तिला दिवसभराच्या सगळ्या गोष्टी सांगायची. नाशिकचं नाव काढणं तिने सोडून दिलं. रामाच्या सेतूत खारीचा वाटा होता तो वाळूच्या कणाएवढा. माधवच्या संसारात तो बारा आणे झाला.

जानेवारीत चिंगीने बाडबिस्तरा छपरात हलवला. कौलाखालच्या फटीतून ती आत शिरली आणि तिथून स्वयंपाकघरातल्या धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या भोकातून सरळ खाली यायची वाट तिने करून घेतली. मग नुकसान सुरू झालं. आधी खिडकीच्या जाळीला भोक पडलं, मग पडद्याची झालर गेली. वीणाच्या आईने दिलेल्या दुलईतला कापूस पोटातून गायब झाला, आणि दुलई उपाशी माणसासारखी दिसायला लागली.

"असू दे," वीणा म्हणाली. "थंडी वाजत असेल तिला."

बाहेर चाळीस डिग्री होतं. पण माधव काही बोलला नाही, कारण एव्हाना त्याचीही एक भानगड झाली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळं चिडीचूप असताना चिंगी पामच्या झाडावर बसून शेपटी उडवत ओरडायची. चिक्, चिक्, चिक्, एका लयीत. एका रविवारी कोचावर पडल्या पडल्या माधवने तो आवाज ऐकला आणि क्षणभर तो मिरजेत होता. परसातल्या तुतीवर खार ओरडते आहे, आई निवडलेल्या तांदळाचं सूप बाजूला ठेवून लवंडली आहे, आता ती उठेल आणि चहा टाकेल. त्याने डोळे उघडले तर समोर रंगीत टीव्ही. छातीत असं काही दाटून आलं, की त्याला आधी वाटलं आपल्याला अपचन झालं. पुढच्या आठवड्यात त्याने दोनदा पोटदुखीची रजा काढली आणि दोन्ही दुपारी कोचावर डोळे मिटून पडून राहिला. वीणाने ते पाहून ठेवलं.

एका शनिवारी क्रिकेटची मॅच होती आणि माधवने ऑफिसातले मित्र घरी बोलावले होते. शेजारच्या शर्लीबाईही केक घेऊन आल्या. ऐन रंगात आलेल्या खेळात टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या, कारण अँटेनाची वायर चिंगीने नेमकी तेव्हाच तोडली. पाठोपाठ सगळ्यांच्या डोक्यावरून, छताच्या आतून, खुडखुड धावण्याचा आवाज गेला. मित्रांनी वर पाहिलं आणि विचारलं, हे काय?

माधवने विचार केला. इथे घरांच्या छपरात पॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी राहतो, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसाला कुणी धक्का लावू शकत नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन तो म्हणाला, "पॉसम."

"दुपारी?" शर्लीबाईंनी विचारलं. "पॉसम दिवसा झोपतो."

"हा जागा असतो."

शर्लीबाईंच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. दिवसा जागा राहणारा पॉसम म्हणजे आजारीच असणार, बिचारा. अजूनही सावरता आलं असतं. पण एक खोटं टिकवायला दुसरं लागतं, आणि माधवच्या हाताशी तेव्हा एकच होतं. "हो," तो गंभीरपणे म्हणाला, "जरा अशक्तच वाटतो."

शर्लीबाई जगाच्या पाठीवरच्या सगळ्या मुक्या प्राण्यांची मावशी होत्या. त्यांनी सोमवारी सकाळी खात्याला फोन केला. दुपारी दारात खाकी हाफ पँटीतला, टोपीवाला, अगडबंब बॅरी उभा राहिला. एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात टॉर्च. आजारी पॉसम न्यायला आलो आहे, म्हणाला. माधव पोटदुखीच्या रजेवर घरीच होता. आता त्याच्या पोटात खरंच दुखायला लागलं.

बॅरी शिडी लावून छपरात गेला. वीणा खाली भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ही खार गेली तर मार्च कसा जाणार हे माधवला तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. पण नशीब थोर. चिंगी बाहेर झाडावर होती. बॅरी कोळिष्टकं झटकत उतरला आणि म्हणाला, पॉसमबिसम काही नाही, कापूस कुरतडणारा उंदीर असेल, औषध टाका. त्याने टोपी घातली, पिंजरा उचलला आणि तो दारापर्यंत गेलासुद्धा. आता फक्त "चीअर्स" म्हणून दार लावायचं होतं.

"चहा घेऊन जा," माधव म्हणाला.

वीणाने डोळे विस्फारले. बॅरी म्हणाला, नको, थँक्स. नको म्हणजे नको. सुटसुटीत कारभार. पण मिरजेच्या त्या घरातून वीज तोडायला आलेला माणूसही कधी कोरड्या तोंडाने गेला नव्हता, आणि माधवच्या तोंडाला ते त्याच्याआधी आठवलं.

"असं कसं? एवढ्या उन्हातून आलात. दोन मिनिटं लागतील."

"जाऊ दे ना त्याला," वीणा मराठीत कुजबुजली.

"अगं, बरं दिसत नाही," माधव म्हणाला आणि त्याने बॅरीला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

चहा झाला. बॅरीने कप तोंडाला लावला. नुसता चहा कसा द्यायचा? वीणा "माधव, नको" म्हणेपर्यंत त्याने डबा काढून चमचा झाकणाखाली घातला होता. टण्ण!

पंख्याच्या भोकातून चिंगी पडद्यावर, पडद्यावरून टेबलावर आली आणि बॅरीच्या बशीशेजारी दोन पायांवर बसून वाट पाहू लागली.

बॅरीने कप खाली ठेवला. त्याने खारीकडे पाहिलं, मग माधवकडे.

"मेट," तो म्हणाला, "हा पॉसम नाही."

पुढची काही मिनिटं त्या स्वयंपाकघराला फार वाईट गेली. बॅरीने चिंगीवर टोपी टाकली, ती चहात पडली. चिंगी फ्रीजवर गेली, बॅरी स्टुलावर. चिंगी मसाल्याच्या डब्यांमागे गेली आणि हळदीसकट बाहेर आली. माधव मध्ये मध्ये "सावकाश, सावकाश" म्हणत होता, पण नेमकं कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"थांबा," वीणा म्हणाली. तिने बॅरीला बसायला सांगितलं. "तिला मारणार नाही, असा शब्द द्या. मग मीच देते."

पिवळ्याधमक बॅरीने नियम सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्याने चिवड्याची चिमूट तोंडात टाकली होती, त्यामुळे त्याला थांबून चावावं लागलं, आणि चावता चावता त्याचा विचार बदलला. झूमध्ये त्याची ओळख होती. तिथे खारींचा पिंजरा होता. शब्द देतो, म्हणाला. वीणाने पिंजऱ्यात मूठभर दाणे ठेवले आणि चिंगीला हाक मारली. चिंगी विश्वासाने आत गेली. ते बघणं फार जड गेलं.

बॅरी गेल्यावर वीणाने ओटा पुसला. "तुला आग्रह करायला सांगितलं होतं कुणी?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती भांडली नाही आणि रडलीही नाही, त्यामुळे माधव जास्तच धास्तावला. फेब्रुवारी असाच गेला. दुपारी घरात काहीही आवाज नसायचा. माधव रोज कामावरून येताना कपाटावरची बॅग जागेवर आहे ना ते आधी बघायचा.

मार्चच्या पहिल्या रविवारी ती म्हणाली, झूमध्ये जाऊ या. माधवला वाटलं, निरोप घ्यायचा असेल.

मिरजेत ज्या जनावराला तो हट् म्हणून तांदळावरून हाकलायचा, ते बघायला त्याने पैसे देऊन तिकीट काढलं. खारींच्या जाळीपाशी गर्दी होती. आत चार-पाच खारी होत्या आणि त्यांतली एक अजून किंचित पिवळट होती. तिने दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वीणा मात्र शेजारच्या दोन लहान मुलींना इंग्रजीत पट्ट्यांची गोष्ट सांगायला लागली. एक राजा होता, त्याला समुद्रावर पूल बांधायचा होता. बघता बघता पोरांचा घोळका जमला. त्यांच्या आयाही ऐकायला लागल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, आमच्या शाळेच्या लायब्ररीत येऊन अशा गोष्टी सांगाल का? वीणा हो म्हणाली, अगदी सहज.

मग ती माधवकडे वळून म्हणाली, "मजेत आहे रे ती. मलाही जमेल इथे. मी राहते."

सात महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं मिळालं. माधवने उडी मारायला हवी होती. पण त्याच वेळी आतल्या पिवळट खारीने शेपटी उडवली आणि ती ओरडायला लागली. चिक्, चिक्, चिक्.

माधव बाकावर बसला. पांढरे मोजे, हाफ पँट, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई मिरजेत एकटी लवंडलेली असेल, उठून एकटीचा चहा टाकत असेल, आणि आपण चार वर्षं सगळ्यांना सांगत सुटलो की आठवण येत नाही.

वीणा शेजारी बसली. तिने रुमाल दिला आणि त्याचं रडून होऊ दिलं.

"तुझं तिकीट काढू का मिरजेचं?" तिने विचारलं.

आपल्याला काही आठवणबिठवण येत नाही, हे सांगायला माधवने तोंड उघडलं. पण चार वर्षं घोकलेलं ते वाक्य काही बाहेर येईना. त्याने नाक पुसलं.

"काढ," तो म्हणाला. "पण रिटर्न काढ."